सुकाणू आपोआप फिरते तेव्हा

हर्णै, मिरकरवाडा, देवगड यांसारख्या बंदरांतून ट्रॉलरवर पहिल्यांदाच समुद्रात गेलेल्या माणसाला एक दृश्य हमखास बुचकळ्यात टाकते. बंदर मागे पडते, पाणी मोकळे होते, तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, समोरच्या छोट्या पेटीवरचे एक बटण दाबतो आणि सुकाणूचे चाक सोडून चहाचा पेला हातात घेतो. चाक मात्र थांबत नाही. ते कधी बोटभर डावीकडे, कधी बोटभर उजवीकडे असे आपले आपण फिरत राहते. विचारले तर "बोट ऑटोवर टाकली" एवढेच उत्तर मिळते. नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकाऱ्यांनी २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून निघून 'तारिणी' या शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि २९ मे २०२५ रोजी त्या परतल्या, तेव्हाही अनेकांनी मला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला होता : दोघीच जणी, जवळजवळ आठ महिने, मग झोपायच्या वेळी सुकाणू कोण धरत असे? इतक्या लांबच्या सफरींत रात्रंदिवस कोणी चाकाला चिकटून राहू शकत नाही. तिथे स्वयंचलित सुकाणू, म्हणजेच ऑटोपायलट, लागतेच.

या किनाऱ्यावरच्या नौकांवर ही यंत्रे बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी करतो. बिघाड म्हणून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींत यंत्र बिघडलेले नसते; यंत्राकडून जी अपेक्षा धरली ती त्याच्या कामातच नसते. म्हणून हे यंत्र काय करते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करीत नाही, हे एकदा नीट मांडावे असे वाटले.

यंत्राचे अवयव

ऑटोपायलट ही एकच वस्तू नसून चार वस्तूंची जोडणी आहे. पहिली वस्तू म्हणजे विद्युत होकायंत्र. नौकेची नाळ, म्हणजे तिचे पुढचे टोक, कोणत्या दिशेला आहे हे ते अंशांत मोजते. उत्तर म्हणजे शून्य, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. नाळ ज्या दिशेला असते त्या दिशेला या लेखात मी 'रोख' म्हणणार आहे. दुसरी वस्तू म्हणजे छोटा संगणक, जो हवा असलेला रोख आणि प्रत्यक्षातला रोख यांची तुलना करतो. तिसरी म्हणजे सुकाणू हलवणारी ताकद. मोठ्या नौकांवर तेलाच्या दाबावर चालणारा पंप, साखळीच्या सुकाणूवर मोटर, आणि लहान शिडाच्या नौकेवर सुकाणूच्या दांड्याला ढकलणारा एक विजेचा दट्ट्या. चौथी वस्तू सुकाणूपाशी बसते आणि पाते या क्षणी किती अंश वळलेले आहे ते संगणकाला कळवते. काही स्वस्त यंत्रांत ही चौथी वस्तू नसते आणि संगणक अंदाजावर भागवतो, पण जाळे ओढणाऱ्या जड नौकेवर ती वाचवू नये असे माझे मत आहे.

तांडेलासमोर असते ती फक्त बटणांची पेटी. तिच्यावर बहुधा सहा बटणे असतात : ऑटो, स्टँडबाय, आणि रोख एक किंवा दहा अंशांनी डावीकडे-उजवीकडे बदलणारी चार.

चूक मोजायची, आणि आवरती घ्यायची

समजा रोख १७० अंश ठेवला आणि लाटेने नाळ १७५ वर ढकलली. पाच अंशांची चूक झाली, म्हणून संगणक सुकाणू डावीकडे वळवतो. चूक मोठी असेल तर जास्त वळवतो, लहान असेल तर कमी. ऐकायला हे पुरेसे वाटते, पण एवढ्यावर नौका सरळ जात नाही. नुकती सायकल शिकणारे पोर आठवावे. सायकल उजवीकडे गेली की ते हँडल डावीकडे फिरवते आणि सायकल सरळ होईपर्यंत तसेच धरून ठेवते. तोवर ती डावीकडे गेलेली असते, मग उलट. रस्त्यावर तिची नागमोडी रेघ उमटते. कित्येक टन वजनाची नौका एकदा वळू लागली की सुकाणू सरळ केल्यावरही काही वेळ वळतच राहते, त्यामुळे तिची नागमोड सायकलीपेक्षाही मोठी होते.

सायकल येऊ लागलेले पोर काय करते? सायकल सरळ होण्याच्या आधीच ते हँडल सैल सोडते, किंवा किंचित उलट देते. तांडेलही तेच करतो. नाळ रोखावर येण्यापूर्वीच तो सुकाणू विरुद्ध बाजूला थोडे देऊन वळण थोपवतो. यंत्रही चूक किती आहे याच्या जोडीला ती किती वेगाने कमी होत आहे हे पाहते आणि वेळेआधी उलट सुकाणू देते.

तिसरी गोष्ट वाऱ्याची. खाडीच्या पुलावरून स्कूटर नेताना वारा एका अंगाने सतत लागत असेल, तर आपण नकळत त्या अंगाला किंचित कलून चालवतो. नौकेवर वारा एका बाजूने लागत राहिला की दर वेळी थोडीशी चूक शिल्लक उरते. ती शिल्लक यंत्र हळूहळू जमेस धरते आणि सुकाणू कायमचे दोन-तीन अंश एका बाजूला ठेवते.

चूक किती, ती किती वेगाने बदलते आणि किती काळ साचत आली, या तीन प्रश्नांवर जगातील जवळजवळ सर्व ऑटोपायलट चालतात. ही मांडणी गणिताने केली ती निकोलस मिनॉर्स्की या रशियात जन्मलेल्या अभियंत्याने, १९२२ मध्ये, आणि ती सुचली चाकावरच्या अनुभवी खलाशांचे निरीक्षण करताना. चांगला सुकाणीवाला केवळ आताची चूक पाहत नाही, पुढे काय होणार तेही पाहतो, हे त्याच्या ध्यानात आले. पुढे 'न्यू मेक्सिको' या अमेरिकी युद्धनौकेवर चाचण्या झाल्या. आज कारखान्यांतली भट्टी असो वा ड्रोन, बहुतेक नियंत्रणे याच सूत्रावर चालतात. त्याचा उगम सुकाणूवरच्या हातांत आहे, ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावर माहीत असायला हवी.

रोख सांभाळला म्हणजे वाट सांभाळली असे नाही

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे आणि सर्वाधिक गैरसमजही इथेच होतो. ऑटो बटण दाबल्यावर यंत्र नाळेचा रोख सांभाळते. नौका प्रत्यक्षात कोणत्या वाटेने जाते आहे, याच्याशी साध्या ऑटो स्थितीत त्याचा काहीही संबंध नसतो.

दाभोळहून धोपाव्याला वाशिष्ठी खाडी फेरीबोटीने ओलांडणाऱ्यांनी हे पाहिलेले असते. भरती किंवा ओहोटी जोरात असली की बोटीची नाळ समोरच्या धक्क्याकडे नसते. ती पाण्याच्या प्रवाहाविरुद्ध तिरकी धरलेली असते, आणि तरीही बोट बरोबर धक्क्याला लागते. नाळ थेट धक्क्याकडे धरली असती तर प्रवाहाने बोट खाली वाहून गेली असती. फेरीबोटीचा चालक समोरचा धक्का पाहून तिरके किती धरायचे ते ठरवतो. ऑटोपायलटला धक्का दिसत नाही. त्याला फक्त होकायंत्र दिसते.

आता आकडे घेऊन पाहू. रत्नागिरीहून देवगडकडे जायचे आहे. किनाऱ्याच्या समांतर साधारण ३६ सागरी मैलांचे हे अंतर आहे. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि तासाला एक सागरी मैल हा वेग म्हणजे एक नॉट. नौका ६ नॉटने चालली तर सहा तास लागतील. किनाऱ्यापासून तीन मैल बाहेर राहून तांडेलाने रोख १७० ठेवला आणि बोट ऑटोवर टाकली. पावसाळा सोडून इतर दिवसांत दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा सुटतो आणि तो नौकेला हळूहळू किनाऱ्याकडे लोटत असतो. वारा आणि पाणी मिळून ही ओढ केवळ अर्धा नॉट धरली, तरी सहा तासांत नौका तीन मैल, म्हणजे साडेपाच किलोमीटर, आत सरकलेली असते. तीन मैलांचे अंतर राखून निघालेली नौका देवगड येईपर्यंत खडकांवर गेलेली असेल. या सहा तासांत पेटीवरचा आकडा मात्र १७० दाखवत असेल, चाक शहाण्यासारखे फिरत असेल, आणि यंत्राच्या दृष्टीने सर्व काही बिनचूक असेल.

उपाय अवघड नाही. या उदाहरणात रोख समुद्राच्या बाजूला साधारण पाच अंश वाढवला की ओढ फिटते. पण ते पाच अंश कोणी तरी ठरवावे लागतात, आणि वारा बदलला, पाणी फिरले की पुन्हा ठरवावे लागतात. त्यासाठी दर अर्ध्या तासाने नौका नकाशावर कुठे आहे हे पाहणे, किनाऱ्यावरचा दीपस्तंभ किंवा डोंगराचा सुळका कोणत्या अंगाला सरकतो आहे हे पाहणे, याला पर्याय नाही. जुने तांडेल दोन खुणा एका रेषेत धरून चालत असत. ती सवय आजही उपयोगी आहे.

"जीपीएस जोडला की हा प्रश्न मिटला ना?"

अर्धा मिटतो. जीपीएस जोडलेल्या यंत्राला आणखी एक स्थिती असते, तिला ट्रॅक किंवा नॅव्ह म्हणतात. नकाशावर दोन ठिकाणे नेमून दिली की त्यांना जोडणारी रेघ यंत्र धरते, आणि नौका रेघेपासून बाजूला सरकू लागली की फेरीबोटीच्या चालकाप्रमाणे नाळ तिरकी करते. ओढीचा प्रश्न त्याने सुटतो. मात्र तीन नवे प्रश्न येतात.

पहिला असा की रेघ कुठून जाते हे यंत्र तपासत नाही. मध्ये खडक असो, वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांचा समूह असो किंवा जमिनीचा सडा असो, दोन ठिकाणांमधली रेघ म्हणजे रेघ. नवी वाट भरल्यावर ती नकाशा मोठा करून टोकापासून टोकापर्यंत बोटाने चाळावी.

दुसरा प्रश्न अचूकपणाचाच आहे, आणि तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. पूर्वी एका बंदराहून दुसऱ्या बंदराला जाणाऱ्या दहा नौका दहा वाटांनी जात, कारण कोणाचाच हात सारखा नसे. आता दहाही जण तेच दोन बिंदू भरतात आणि सर्व नौका काही मीटरच्या फरकाने एकाच रेघेवर धावतात. जाणारी आणि येणारी नौका नाळेसमोर नाळ येण्याची शक्यता त्यामुळे वाढते. बिंदू दीपस्तंभावर किंवा बोयावर न ठेवता त्यापासून बाजूला ठेवावा, हा सल्ला म्हणूनच मी प्रत्येकाला देतो.

तिसरा प्रश्न जीपीएसच्याच विश्वासाचा. होर्मुझच्या सामुद्रधुनीजवळ जहाजांचे जीपीएस संकेत दाबले किंवा फसवले जात असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आपण वाचल्या. पण त्यासाठी युद्ध लागते असे नाही. एक सैल झालेली तार पुरते. १९९५ च्या जून महिन्यात 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला निघाले. निघाल्यानंतर थोड्याच वेळात त्याच्या जीपीएसच्या अँटेनाची तार निसटली. यंत्राने तसे बारीक अक्षरांत दाखवले आणि मग वेग व रोख यांवरून जागेचा नुसता हिशेब मांडणे सुरू केले. त्या हिशेबात वारा आणि प्रवाह यांची ओढ धरलेली नव्हती. ऑटोपायलटने तो हिशेब खरा मानला. चौतीस तासांनंतर, १० जूनच्या रात्री, अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळच्या वाळूच्या उंचवट्यावर जहाज रुतले, तेव्हा ते आपल्या ठरलेल्या वाटेपासून सुमारे १७ मैल बाजूला होते. सुदैवाने कोणाचा जीव गेला नाही. त्या दीड दिवसात जागा पडताळण्याचे दुसरे साधन वापरले असते तर गफलत उघड झाली असती.

होकायंत्र आणि स्पीकर

एक अनुभव सांगतो. एका ट्रॉलरच्या तांडेलाची तक्रार होती की यंत्र दिवसा नीट चालते आणि रात्री दहा-बारा अंशांनी फसवते. पंप पाहिला, तारा पाहिल्या, संगणक पाहिला, काहीच सापडेना. शेवटी मी त्यांना म्हटले, "रात्री केबिनमध्ये जे जे असते ते सगळे आता जागच्या जागी ठेवा." एका खलाशाने बिछाना टाकला, दिवा टांगला आणि जागे राहण्यासाठी गाणी लावायचा छोटा स्पीकर फळीवर ठेवला. पेटीवरचा आकडा १८३ होता तो १९६ झाला. स्पीकर उचलला, पुन्हा १८३. नौका धक्क्याला बांधलेली होती, ती तसूभरही हलली नव्हती. होकायंत्र त्याच फळीमागे, प्लायवूडच्या पलीकडे, वीतभर अंतरावर बसवलेले होते आणि स्पीकरमधल्या लोहचुंबकाला ते उत्तर समजत होते.

होकायंत्र पृथ्वीच्या अत्यंत क्षीण चुंबकत्वावर चालते. त्यामुळे स्पीकर, चुंबक असलेला टॉर्च, लोखंडी पान्यांची पेटी, जाड विजेच्या तारा, इंजिन, यांपासून ते निदान मीटरभर दूर हवे. नौकेवरचे पक्के लोखंड मात्र हलवता येत नाही. त्याचा परिणाम यंत्राला शिकवावा लागतो, आणि त्यासाठी शांत पाण्यात नौका अगदी हळू, गोल गोल फिरवतात. या चकरांत प्रत्येक दिशेला किती फसगत होते हे यंत्र टिपून ठेवते. रोखातील एका अंशाच्या चुकीने ६० मैलांवर एक मैल फरक पडतो, हा खलाशांचा जुना ठोकताळा आहे. तेरा अंशांच्या चुकीने रात्रभरात काय होईल याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

यंत्राला समोरचे काहीच दिसत नाही

गाडीत आता पुढचे वाहन ओळखून वेग कमी करणारी यंत्रणा आली आहे, म्हणून बोटीतही तसेच काही असेल असे अनेक तरुण खलाशांना वाटते. आपल्या नौकांवरच्या ऑटोपायलटमध्ये तसे काहीही नाही. समोर होडी आली, वाहून आलेला ओंडका आला, जाळ्याचे बोये आले, रायगडच्या किनाऱ्यासमोर डोलजाळ्यांचे खुंट आले, तरी ते त्याच रोखाने त्याच वेगाने जाणार. वेगाचा तर त्याच्याशी संबंधच नाही. इंजिन त्याच्या ताब्यात नसते.

यावर एक आक्षेप बंदरावर नेहमी ऐकू येतो : मासेमारी करणाऱ्या नौकेला मोठ्या जहाजांनीच वाट द्यायची असते, मग आम्ही कशाला डोळ्यांत तेल घालून बसावे? जाळे ओढत असलेल्या आणि तसे दिवे लावलेल्या नौकेला, म्हणजे ट्रॉलरच्या बाबतीत वर हिरवा आणि खाली पांढरा, इंजिनावर चालणाऱ्या जहाजाने वाट द्यावी हे खरे आहे. पण जाळे वर घेऊन घरी निघालेली नौका त्या वेळी मासेमारी करीत नसते. शिवाय टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांपैकी पाचवा नियम सांगतो की प्रत्येक नौकेवर सर्व वेळ डोळ्यांनी, कानांनी आणि उपलब्ध असेल त्या प्रत्येक साधनाने टेहळणी असलीच पाहिजे. त्यात ऑटोपायलटसाठी सूट नाही. आणि खरे सांगायचे तर मुंबई किंवा जयगडच्या वाटेवरच्या मोठ्या जहाजावरून लाकडी ट्रॉलर वेळेत दिसेलच असे धरून चालणे जिवावर बेतू शकते.

दुसरा धोका अधिक जवळचा आहे. ऑटोवर असलेल्या नौकेवरून, विशेषतः पहाटे बाकीचे झोपलेले असताना, एखादा माणूस पाण्यात पडला तर नौका त्याच्यासाठी थांबत नाही. ६ नॉट हा वेग डोळ्यांना सावकाश वाटतो, पण एका मिनिटात नौका १८५ मीटर पुढे गेलेली असते, आणि लाटांत पोहणाऱ्या माणसाचे डोके तेवढ्या अंतरावरून दिसत नाही. पूर्वी चाकावर कोणी तरी असे, म्हणजे किमान एक जण जागा असे. यंत्राने ती सक्ती काढून घेतली आहे; म्हणून एकट्याने जागत असलेल्या खलाशाने लाइफ जॅकेट घातल्याशिवाय आणि दोरीने स्वतःला अडकवल्याशिवाय केबिनबाहेर पाऊल टाकू नये, असे मी कळकळीने सांगतो.

बटणे कशी वापरावीत

धक्का सोडण्यापूर्वी चाक हाताने दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून पाहावे. मग ऑटो दाबावे, रोख दहा अंशांनी बदलून सुकाणू योग्य बाजूला वळते ना ते बघावे, आणि स्टँडबाय दाबून चाक पुन्हा हातात मोकळे येते याची खात्री करावी. स्टँडबाय म्हणजे यंत्र जागे आहे पण सुकाणू माणसाच्या ताब्यात आहे.

बंदरातून बाहेर पडेपर्यंत चाक हातात ठेवावे. मोकळ्या पाण्यात आल्यावर आधी नौका हव्या त्या रोखावर स्थिर करावी आणि मगच ऑटो दाबावे, कारण दाबण्याच्या क्षणी जो रोख असेल तोच यंत्र धरते. नौका वळत असताना दाबले तर भलताच रोख धरला जातो. दाबल्यावर मिनिटभर तिथेच उभे राहून पाहावे. चाक सारखे तुरुतुरु फिरत असेल तर यंत्राची संवेदनशीलता गरजेपेक्षा जास्त आहे. त्याने बॅटरी आणि पंप दोन्ही लवकर झिजतात. नौका आळसटल्यासारखी नागमोडी जात असेल तर ती कमी आहे. रोख ठरावीक अंशांहून जास्त ढळला की वाजणारा भोंगा यंत्रात असतो. त्याचा आवाज झोपमोड करतो म्हणून तो बंद करून ठेवलेला मी अनेक नौकांवर पाहिला आहे. तो चालू असावा.

स्टँडबाय बटण अंधारात, न बघता, एका हाताने सापडले पाहिजे. तांडेलच काय, स्वयंपाक करणाऱ्या पोरालाही ते माहीत असावे. हे मी उगाच ताणून सांगत नाही. १८ मार्च १९६७ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्येला 'टॉरी कॅनियन' हे तेलवाहू जहाज एक लाख वीस हजार टनांच्या आसपास खनिज तेलासह खडकावर आदळले. शेवटच्या क्षणांत चाक फिरवले, पण जहाज वळेना, कारण सुकाणू कोणाच्या ताब्यात असावे हे ठरवणारा खटका भलत्याच जागी होता. ते लक्षात येऊन जहाज वळू लागेपर्यंत खडक समोर आला होता.

कुठे चाक हातातच हवे

समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या 'सोलास' या आंतरराष्ट्रीय करारात मोठ्या जहाजांसाठी स्पष्ट तरतूद आहे : गर्दीच्या पाण्यात, कमी दिसत असताना आणि इतर धोक्याच्या ठिकाणी यंत्र वापरत असाल तर सुकाणू तत्काळ माणसाच्या हाती घेता आले पाहिजे, आणि यंत्र दीर्घकाळ चालू राहिल्यावर हाताचे सुकाणू तपासून घेतले पाहिजे. आपल्या नौका त्या मापाच्या नाहीत, पण समुद्र तोच आहे.

कोकणात याहून मोठी कसोटी खाडीच्या तोंडाशी लागते. आपल्या बऱ्याच खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो आणि त्यावर लाटा फुटतात. आत शिरताना लाट मागून येते, नौकेची मागची बाजू उचलते आणि नौका आडवी फिरवू पाहते. अशा वेळी यंत्राला चूक घडल्यानंतरच कळते, म्हणजे नाळ ढळल्यावर. तांडेल मान वळवून मागची लाट पाहतो आणि ती पोहोचण्यापूर्वीच चाक देतो. लाट पाहण्याचे कोणतेही साधन या यंत्रात नाही. म्हणून दांड्यावर ऑटो कधीही नाही, कितीही नवे आणि महागडे यंत्र असले तरी. जाळे टाकताना आणि काढतानाही नाही. धुक्यात, जोरदार सरीत, इतर नौकांच्या घोळक्यात नाही.

"यामुळे नव्या पोरांना सुकाणू धरताच येणार नाही"

ही भीती जुन्या तांडेलांच्या तोंडून मी फार आदराने ऐकतो, कारण ती खोटी नाही. मिनॉर्स्कीच्या यंत्रालाही त्या काळी युद्धनौकेवरच्या माणसांकडून विरोधच झाला होता आणि नौदलाने तेव्हा ते स्वीकारले नाही. जे कसब रोज वापरले जात नाही ते बोथट होते. पण दुसरी बाजूही पाहावी लागते. दोन-दोन दिवस समुद्रात राहणाऱ्या नौकेवर चार-चार तास चाकाला खिळलेला माणूस शेवटच्या तासात समोर पाहत नसतो, तो फक्त होकायंत्राचा काटा पाहत असतो, आणि डोळे मिटत असतात. तेच काम यंत्राला दिले तर त्याचे डोळे समुद्रासाठी मोकळे होतात. ते खरोखर समुद्राकडे वळतात की मोबाइलकडे, यावर यंत्राचा फायदा-तोटा ठरतो. ज्या नौकांवर प्रत्येक फेरीत नव्या पोराला तासभर तरी चाक हातात दिले जाते, आणि ऑटोवर असतानाही एक जण केवळ टेहळणीसाठी नेमलेला असतो, तिथे मला या भीतीचे कारण दिसलेले नाही.

शिडाच्या लहान नौकांवर ऑटोपायलटला वाऱ्याच्या दिशेवरही चालवता येते, म्हणजे वाऱ्याशी ठरावीक कोन राखून. वारा फिरला की मग नौकाही फिरते. विजेशिवाय चालणारी, मागे पंखासारखे पाते असलेली सुकाणू यंत्रणाही असते. कमांडर अभिलाष टॉमी ज्या शर्यतीत २०२३ मध्ये दुसरे आले, त्या गोल्डन ग्लोब शर्यतीत विजेच्या ऑटोपायलटला मनाई आहे आणि स्पर्धक अशाच वाऱ्यावरच्या यंत्रणेवर जगप्रदक्षिणा करतात. मासेमारीच्या नौकेवर मात्र तिचा उपयोग नाही.

हंगामापूर्वी

पावसाळ्यात नौका शाकारलेली असते तेव्हा यंत्र दमट हवेत पडून राहते. नारळी पौर्णिमेनंतर ते थेट चालू करून समुद्रात जाऊ नये. तारांच्या जोडांवर हिरवी बुरशीसारखी गंजाची पूड चढलेली असते, ती घासून काढावी. बहुतेक वेळा मध्येच बंद पडणाऱ्या यंत्राचे कारण तेवढेच असते. बॅटरी जुनी असेल तर पंप जोर लावताना तिचा विजेचा दाब (व्होल्टेज) खाली येतो आणि यंत्र आपण होऊन सुकाणू सोडून देते, म्हणून तिचा दाब पंप चालू असताना मोजावा, नुसता उभ्या नौकेवर नव्हे. तेलाच्या नळ्यांत हवा शिरली असेल तर चाक स्पंजासारखे लागते. ती हवा काढून तेल भरून घ्यावे. साखळीचे सुकाणू असेल तर ढिलाई आवळावी, कारण साखळीतला प्रत्येक झोल यंत्राला चूक म्हणून दिसतो. आणि इंजिन बदलले असेल, केबिनला नवे लोखंड लावले असेल किंवा नवा वायरलेस बसवला असेल, तर बंदराबाहेर शांत पाण्यात, सकाळी वारा पडलेला असताना, होकायंत्रासाठीच्या गोल चकरा पुन्हा माराव्यात. एका चकरेला दोन मिनिटे किंवा जरा जास्त वेळ द्यावा आणि चकरा यंत्र पुरे म्हणेपर्यंत माराव्यात.